तेलाचा दाब आणि तांबडा दिवा

मोटारगाडी हांकणाऱ्याच्या पुढील फळीवर अनेक खुणा मांडलेल्या असतात. परंतु त्यांतील एका खुणेची योग्यता इतरांहून निराळी आहे. कारखान्यांतील चोचीच्या तेलझारीचें एक लहानसें चित्र, चोचीच्या टोंकाशीं एक थेंब, आणि त्याच्या मागें तांबडा प्रकाश, एवढेंच तिचें रूप. किल्ली फिरवितांच हा दिवा लागतो आणि इंजिन चालूं झालें कीं दोन-चार क्षणांत मालवतो. पुढें तो दिसूं नये हीच त्याची सर्वांत मोठी सेवा होय. पेट्रोल संपत आल्याची सूचना न मानणाऱ्यास फार तर वाटेंत अडकून पडावें लागतें. पण या तांबड्या दिव्याची सूचना न मानणाऱ्याचें इंजिन थोडक्या मिनिटांत निकामी होऊं शकतें.

दिवा लागला आणि लागलेलाच राहिला, तर कर्तव्य सरळ असतें. गाडी रस्त्याच्या कडेस घ्यावी आणि इंजिन बंद करावें. अडचण पडते ती हा दिवा अधूनमधून लागूं लागला म्हणजे. कधीं तो वळणावर क्षणभर चमकतो. कधीं भर उन्हाळ्यांत चौकांत थांबलें असतां लुकलुकतो आणि गाडी निघतांच नाहींसा होतो. कधीं आठ दिवस दर्शनच देत नाहीं. गाडी कारागिराकडे न्यावी तर तेथें तो लागत नाहीं, आणि घरीं आणावी तर फाटकाशीं पुन्हां लागतो. अशा वेळीं दिवा खरें सांगतो आहे कीं खोटें, या एका प्रश्नावर बरेंच अवलंबून असतें. खरें सांगत असून दुर्लक्ष झालें, तर इंजिन जातें. खोटें सांगत असून विश्वास ठेवला, तर धडधाकट इंजिन विनाकारण उघडलें जातें आणि साप साप म्हणून भुई धोपटल्यासारखें होतें. हा निवाडा कसा करावा, हें समजण्यासाठीं मनुष्याला तेलाच्या दाबाची ओळख कशी झाली तें पाहणें उपयोगाचें आहे. कारण परीक्षेची प्रत्येक पायरी त्या इतिहासांतच घडलेली आहे.

वंगण ही वस्तु मराठी मनुष्यास नवी नाहीं. बैलगाडीच्या आंसास वंगण घातलें नाहीं तर चाक कुरकुरतें, आणि कुरकुरणारें चाक बैलांचा जीव खातें, हें शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणत आला आहे. परंतु हें वंगण हातानें द्यावयाचें, आणि दिलेलें पुन्हां परत यावयाचें नाहीं. वाफेच्या इंजिनाच्या पहिल्या काळांत तीच रीत होती. आगगाडी ठराविक अंतरावर थांबवावी लागे आणि तेल देणारा मनुष्य हातांत झारी घेऊन प्रत्येक सांधा भिजवी. एलायजा मॅकॉय नांवाचा एक कृष्णवर्णी यंत्रज्ञ अमेरिकेंतील मिशिगन प्रांतीं रेल्वेवर हेंच काम करीत असे. त्याचे आईबाप गुलामगिरींतून निसटून कॅनडांत गेलेले. त्यानें स्वतः स्कॉटलंडमध्यें यंत्रविद्येचें शिक्षण घेतलेलें. परंतु वर्णभेदामुळें त्याच्या वांट्यास कोळसा टाकण्याचें आणि तेल देण्याचेंच काम आलें. त्या कामांतूनच त्यानें चालत्या इंजिनास आपोआप तेल पुरविणारी डबी तयार केली आणि १८७२ सालीं तिचा स्वामित्वहक्क मिळविला. तेल देण्यासाठीं यंत्र थांबविण्याची गरज येथून कमी होऊं लागली.

तरीहि तेल आंत जाऊन नेमकें काय करतें, हें तोंवर कोणासच स्पष्ट कळलें नव्हतें. तें कळण्यास एक विलक्षण प्रसंग कारण झाला. इंग्लंडांतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेनें आगगाडीच्या आंसाचें घर्षण मोजण्याचें काम बोशँप टॉवर या प्रयोगकुशल गृहस्थाकडे सोंपविलें होतें. त्याचा पहिला अहवाल १८८३ सालीं प्रसिद्ध झाला. टॉवरनें ४ इंच व्यासाचा आंस घेऊन त्याचा खालचा भाग तेलांत बुडता ठेवला, आणि वर पितळी बेअरिंग ठेवून त्यावर वजन दिलें. पुढें वरून तेल सोडून पाहावें म्हणून त्यानें बेअरिंगाच्या माथ्यास एक भोंक पाडलें. यंत्र चालूं होतांच चमत्कार दिसला. भोंकांतून तेल खालीं जाण्याऐवजीं वर उसळूं लागलें. त्यानें बूच मारलें. तें वर सरकून निघालें. लाकडी खुंटी ठोकली. तीहि तेलानें वर ढकलली. शेवटीं त्या भोंकास दाबमापक जोडलें. त्याची मर्यादा चौरस इंचास २०० पौंडांची होती; कांटा ती मर्यादा ओलांडून गेला. बेअरिंगावरील सरासरी भार मात्र चौरस इंचास १०० पौंडच होता.

या प्रयोगाचा अर्थ असा कीं, फिरणारा आंस आणि बेअरिंग या दोन धातु एकमेकांस शिवतच नव्हत्या. फिरणारा आंस आपल्याबरोबर तेल ओढून अरुंद होत जाणाऱ्या फटींत कोंबीत होता, आणि त्या कोंबलेल्या तेलाच्या पातळ पापुद्र्यावर सारा भार तरंगत होता. मँचेस्टर येथील प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनीं १८८६ सालीं या घटनेचें गणित मांडलें, आणि आजहि बेअरिंगाची घडण त्याच गणितावर उभी आहे. रशियांत निकोलाय पेत्रोव्ह यांनींहि १८८३ सालींच या विषयावर स्वतंत्र विचार प्रसिद्ध केला होता.

येथें एक भेद नीट ध्यानांत ठेविला पाहिजे, कारण तांबड्या दिव्याविषयींचे बहुतेक गैरसमज तो न कळल्यानें होतात. इंजिनांत तेलाचे दाब दोन. एक, आंस फिरल्यानें पापुद्र्यांत आपोआप उत्पन्न होणारा. हा फार मोठा, आणि भार तोलणारा हाच. दुसरा, पंपानें नळींत निर्माण केलेला. हा त्या मानानें लहान. पंपाचें काम फक्त बेअरिंगाच्या दाराशीं तेल अखंड नेऊन सोडण्याचें. विहिरीचें पाणी पाटानें वाफ्यांपर्यंत जातें तसाच हा प्रकार समजावा. पाटाच्या तोंडाशीं पाण्याची उंची मोजली तर दोन गोष्टींचा बोध होतो: विहिरींतून पाणी पुरेसें येत आहे कीं नाहीं, आणि पुढें कोठें बांध फुटून पाणी वाहून जात आहे कीं काय. उंची कमी भरली, तर या दोहोंपैकीं कोणतें कारण हें नुसत्या उंचीवरून सांगतां येत नाहीं. तेलाचा दाबहि असाच आहे.

पंपानें दाबून तेल पुरविण्याची पद्धत प्रथम वाफेच्या शीघ्रगति इंजिनांत आली. बर्मिंगहॅमच्या बेलिस अँड मॉर्कम या कारखान्यांतील ए. सी. पेन यानें १८९० सालीं तिचा स्वामित्वहक्क घेतला. त्याच शहरांतील फ्रेडरिक लँचेस्टर या कल्पक अभियंत्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं ती आपल्या मोटारींत आणली. परंतु सर्वच कारखानदार त्या वाटेनें लगेच गेले नाहींत. पुष्कळ गाड्यांत चालकापुढें कांचेच्या नळ्या असत, आणि त्यांतून पडणारे थेंब मोजून तो तेलाची बेताबात करी. थेंब जास्त झाले कीं मागें निळ्या धुराचा लोट निघे. कमी झाले कीं इंजिन घासूं लागे.

फोर्डची टी गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघाली आणि तिची संख्या दीड कोटीवर गेली. तिच्यांत तेलाचा पंप नव्हता, कीं दाब दाखविणारें कोणतेंहि साधन नव्हतें. फिरणाऱ्या जड चाकानें तेल उडवावयाचें, त्याचा कांहीं भाग एका नळींतून पुढें जावयाचा, आणि बाकीचें काम शिंतोड्यांनीं व्हावयाचें. तेल किती उरलें हें पाहण्यासाठीं गाडीखालीं दोन लहान तोट्या असत. वरची तोटी उघडून तेल आलें नाहीं आणि खालची उघडून आलें, तर तेल ठीक समजावयाचें. हें जाणण्यासाठीं मालकास जमिनीवर आडवें व्हावें लागे. गाडीचा वेग बेताचा आणि बेअरिंगाचा धातु मऊ, म्हणून ही व्यवस्था चालून गेली.

आकाशांत मात्र असा कारभार चालण्यासारखा नव्हता. १९०९ च्या सुमारास फ्रान्समध्यें निघालेल्या नोम इंजिनांत सारे सिलिंडरच आंसाभोंवतीं फिरत. त्यांस एरंडेल तेल लागे. कारण खनिज तेल पेट्रोलांत विरघळतें, एरंडेल तसें विरघळत नाहीं. इंग्लंडांतील वेकफील्ड कंपनीनें १९०९ सालीं एरंडेलमिश्रित तेलास कॅस्ट्रॉल हें नांव दिलें, तें एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच. आमच्याकडे आजीबाईच्या बटव्यांत असणारें हें तेल पहिल्या महायुद्धांत विमानांचें जीवन झालें. या विमानांत चालकापुढें कांचेचा एक लहान घुमट असे, आणि पंपाच्या प्रत्येक ठोक्यासरशीं त्यांत तेल उसळतांना दिसे. वैद्यानें नाडी पाहावी तसा चालक त्याकडे पाही. तांबड्या दिव्याचा पूर्वज शोधावयाचा तर तो या घुमटांत सांपडतो.

दाबाचा कांटा वेळीं पाहिल्यानें काय होतें, याचें एक उदाहरण विमानाच्या इतिहासांत कायमचें नमूद झालें आहे. १५ मे १९३५ रोजीं सर चार्ल्स किंग्जफर्ड स्मिथ हे ‘सदर्न क्रॉस’ या तीन इंजिनांच्या विमानांतून ऑस्ट्रेलियाहून न्यूझीलंडकडे टपाल घेऊन निघाले. त्यांच्याबरोबर पी. जी. टेलर आणि बिनतारी यंत्र सांभाळणारे जॉन स्टॅनेज हे दोघे होते. समुद्रावर असतां मधल्या इंजिनाच्या धुराच्या नळीचा तुकडा सुटून उजव्या इंजिनाच्या पंख्यावर आदळला, आणि तें इंजिन बंद करावें लागलें. विमान परत फिरलें. सारा भार पडल्यामुळें डावें इंजिन तेल भराभर पिऊं लागलें, आणि त्याचा दाब उतरूं लागला. तें थांबतें तर तिघांस समुद्रावांचून आसरा नव्हता. तेव्हां टेलर उडत्या विमानाबाहेर पडले. पंखाखालच्या दांड्यावरून सरकत ते बंद पडलेल्या इंजिनाशीं गेले, त्याच्या तळांतील तेल एका थर्मासच्या बाटलींत काढून त्यांनीं आंत दिलें, आणि मग दुसऱ्या बाजूस जाऊन तें डाव्या इंजिनाच्या टांकींत ओतलें. ही फेरी त्यांनीं एकंदर सहा वेळां केली. विमान सिडनीस सुखरूप पोंचलें, आणि पुढें टेलर यांस शौर्यपदक मिळालें. कांट्यानें खरें सांगितलें, पाहणाऱ्यानें तें खरें मानलें, आणि तेल कोठें आहे हें त्याला ठाऊक होतें, म्हणून तिघांचे प्राण वांचले.

हा कांटा ज्या तत्त्वावर चाले, तें फ्रान्समधील यूजीन बूर्दों याचें. त्यानें १८४९ सालीं त्याचा स्वामित्वहक्क घेतला. चपटी नळी वांकवून तिचें एक टोंक बंद केलें आणि दुसऱ्या टोंकानें दाब आंत सोडला, तर ती सरळ होऊं पाहते. त्या हालचालीस कांटा जोडला कीं झालें दाबमापक. मोटारींत इंजिनापासून चालकापुढील फळीपर्यंत बारीक नळीनें तेलच आणून सोडीत. नळी फुटली तर चालकाचे कपडे तेलानें भरत. पण कांटा मात्र प्रामाणिक असे. दाब चाळीसावरून तीसावर, तीसावरून वीसावर कसा उतरत आहे, हें तो महिनेच्या महिने आधीं सांगे.

या कांट्याची जागा दिव्यानें घेतली ती १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यास. अमेरिकेंतील हडसन मोटार कंपनी या कामीं पुढें होती. दिवा स्वस्त, जोडण्यास सोपा, आणि नजर खेंचून घेणारा. कांट्याकडे पाहण्याची संवय नसलेल्या लाखों नव्या चालकांस त्याचा उपयोग झाला. पुढें दोन कोटींवर निघालेल्या फोक्सवागनच्या ‘बीटल’ गाडींतहि दाबाचा कांटा नव्हता, दिवाच होता. जाणत्या अमेरिकन कारागिरांनीं मात्र या दिव्यांस ‘मूर्खांचे दिवे’ असें कुत्सित नांव ठेविलें. त्यांचा आक्षेप असा कीं, कांटा हकीकत सांगतो, दिवा फक्त ओरडतो. हा आक्षेप अगदींच पोकळ नव्हता. चाळीसावरून आठावर दाब उतरेपर्यंत दिवा गप्प बसतो, आणि मग एकदम पेटतो.

याचें कारण त्याच्या रचनेंत आहे. इंजिनाच्या अंगास तेलाच्या मार्गावर एक लहान स्विच बसविलेला असतो. त्यांत एक पातळ पडदा आणि एक स्प्रिंग असते. दाब नसतांना स्प्रिंग दोन टोंकें जुळवून ठेवते; वीज दिव्यांतून, एका तारेनें, स्विचांत आणि तेथून इंजिनाच्या लोखंडांत जाते, आणि दिवा लागतो. तेलाचा दाब चौरस इंचास सुमारें ५ पौंडांच्या वर गेला कीं पडदा रेटला जातो, टोंकें सुटतात, दिवा मालवतो. या मांडणींतून एक गोष्ट उघड होते. दिवा लागण्यास तारेचें टोंक कोठें तरी लोखंडास टेकलें कीं पुरे. तेथें दाब कमी असलाच पाहिजे असें नाहीं. म्हणून अधूनमधून लागणाऱ्या दिव्याचीं कारणें दोन वर्गांत पडतात: तेलाचीं आणि विजेचीं. त्यांची गल्लत केली कीं आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं अशी गत होते.

चतुर कारागीर गाडीस हात लावण्यापूर्वीं मालकास एकच गोष्ट खोदून खोदून विचारतो: दिवा लागतो तो केव्हां? त्याच्या उत्तरांत निम्में निदान असतें.

वळण घेतांना, जोरानें थांबतांना किंवा चढावर दिवा क्षणभर लागत असेल, तर चेंबरांतील तेल कमी झालें आहे अशी शंका प्रथम घ्यावी. तळांतील तेल एका बाजूस सरकतें, पंपाच्या नळीचें तोंड उघडें पडतें, आणि तेलाऐवजीं हवा ओढली जाते. सपाट जागीं, इंजिन थांबवून थोडा वेळ जाऊं दिल्यावर तेलाची पट्टी पुसून पुन्हां बुडवून पाहिली, तर हा प्रश्न तेथेंच सुटतो. मग तेल गेलें कोठें, गळलें कीं जळलें, याचा शोध घ्यावयाचा राहतो.

लांबचा प्रवास करून इंजिन पुरतें तापल्यावर, आणि गाडी उभी असतांनाच दिवा लुकलुकत असेल, व इंजिनाचा वेग किंचित् वाढवितांच जात असेल, तर तेल पातळ झालें आहे, किंवा फटी वाढल्या आहेत. साधारण तीस नंबरचें तेल हातास सोसवेल इतकें कोमट असतां जेवढें दाट असतें, त्याच्या सुमारें एक-दशांश दाटपणा तें उकळत्या पाण्याइतकें तापल्यावर उरतो. तेलांस असे नंबर देण्याची पद्धत अमेरिकन मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें १९११ सालीं घातली, आणि थंडींत व उन्हांत दोहोंत चालणारीं दुहेरी नंबरांचीं तेलें १९५० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलीं. पेट्रोल तेलांत उतरलें असेल, तर तेल आणखीच पातळ होतें, आणि पट्टीचा वास घेतला तरी तें कळतें. फटींचा हिशेब तर फारच कठोर आहे. दोन इंच व्यासाच्या आंसाभोंवतीं फट असते इंचाच्या सुमारें दोन-सहस्रांशाएवढी. ती झिजून दुप्पट झाली, तर त्याच दाबाखालीं तेल दुप्पट नव्हे, आठपट निसटतें. वाफ्याचा बांध फुटला म्हणजे सगळ्या पाटांतील पाणी उतरतें, तसा एका बेअरिंगाच्या झिजेनें साऱ्या इंजिनाचा दाब उतरतो.

याच्या उलट, गाडी वेगांत असतांना दिवा लागत असेल आणि वेग कमी केल्यावर किंवा थोडी विश्रांति दिल्यावर जात असेल, तर पंपाच्या तोंडाची जाळी काळ्या गाळानें बुजली आहे असें समजावें. वेगांत पंप जितकें मागतो तितकें तेल जाळींतून येत नाहीं. गाडी उभी राहिली कीं गाळ सुटून खालीं बसतो, आणि सारें कांहीं ठीक आहे असा भास होतो. तेल वेळच्या वेळीं न बदलल्याचें हें फळ. तेल गाळणारा फिल्टर मोटारींत आला तो १९२३ च्या सुमारास, अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांच्या खटपटीनें; परंतु फिल्टर असतो पंपाच्या पुढें, आणि जाळी असते मागें. नवा फिल्टर घातला म्हणून बुजलेली जाळी मोकळी होत नाहीं. जास्त झालेला दाब सोडून देणारी एक झडप असते. तिच्यांत कण अडकून ती अर्धवट उघडी राहिली, तरीहि दाब अवचित उतरतो आणि कण निघाला कीं अवचित परततो.

दिव्याचा वेगाशीं, उष्णतेशीं किंवा वळणाशीं कांहींच संबंध जुळत नसेल, खड्ड्यांत गाडी आदळली कीं तो चमकत असेल, तर संशय विजेवर जातो. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी आणि स्विचाची तार काढून मोकळी धरावी. दिवा तरीहि लागलेला असेल, तर तार वाटेंत कोठें तरी सोलली जाऊन लोखंडास लागत आहे. तार काढल्यावर दिवा गेला, तर तार निर्दोष. पण स्विच आंतून तेल झिरपून बिघडला असेल कीं दाब खरोखरच उतरत असेल, हें एवढ्यानें ठरत नाहीं.

तें ठरविण्याचा उपाय एकच, आणि तो टॉवरनें १८८३ सालीं योजिला तोच: भोंकास दाबमापक जोडणें. स्विच काढून त्या जागीं एक जोडतुकडा बसवावा आणि त्यावर दाबमापक व स्विच हीं दोन्ही एकाच वेळीं लावावीं. नंतर इंजिन थंड असतां, पुरतें तापल्यावर, मंद गतीनें आणि वेगानें, अशा चारहि स्थितींत कांटा पाहून लिहून ठेवावें. प्रत्येक इंजिनाचे आंकडे त्याच्या पुस्तकांत दिलेले असतात. तें हातीं नसेल तर दर हजार फेऱ्यांस १० पौंड असा ढोबळ आडाखा कारागीर धरतात. येथें घाई करून चालत नाहीं. अधूनमधून होणारा दोष उभ्या गाडींत पांच मिनिटांत सांपडत नाहीं. ज्या स्थितींत तो होतो ती स्थिति पुन्हां निर्माण करून, दिवा लागेपर्यंत धीर धरावा लागतो. दिवा लागला त्या क्षणीं कांटा आपल्या जागीं स्थिर असेल, तर इंजिन निर्दोष आहे. थोडक्या पैशांचा स्विच बदलला कीं काम झालें. पण त्या क्षणीं कांटाहि खालीं आला असेल, तर दिवा खरा ठरला, आणि शोध पुढें नेला पाहिजे.

तो शोधहि क्रमानें न्यावा. प्रथम तेल आणि फिल्टर बदलावा. काढलेलें तेल स्वच्छ भांड्यांत घेऊन उन्हांत पाहावें. जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडाव्या. धातूची चमक दिसली, तर बेअरिंग झिजत आहे. मग चेंबर उतरवून जाळी साफ करावी, झडप आणि पंप तपासावा, आणि बेअरिंग अगदीं शेवटीं उघडावें. स्वस्त परीक्षा आधीं आणि महाग परीक्षा मागून, हा नियम पाळला म्हणजे ज्याचें पोट गाडीवर आहे त्याचे दोन पैसे वांचतात. दिवा जावा म्हणून दाट तेल ओतणें, किंवा तारच काढून टाकणें, हे उपाय मात्र कोणींहि करूं नयेत. दाट तेलानें दाबाचा आंकडा चढतो, परंतु झिजलेलें बेअरिंग भरून येत नाहीं. आणि तार काढल्यानें तर कांट्याचा नायटा होईपर्यंत कळावयाचेंच नाहीं.

दिव्याची एकच एक ओरड अपुरी आहे, हें कारखानदारांसहि पुढें पटलें. १९८० नंतरच्या दशकांत फोक्सवागन कंपनीनें आपल्या गाड्यांत दोन स्विच घातले. एक सुमारें ०.३ बार दाबावर, म्हणजे चार-पांच पौंडांवर काम करी; दुसरा १.८ बारवर, म्हणजे सुमारें २६ पौंडांवर. इंजिन मिनिटास २००० फेऱ्यांहून अधिक वेगानें फिरत असतां दाब या दुसऱ्या मर्यादेखालीं गेला, तर दिव्याबरोबर कर्कश आवाजहि होई. युक्ति चांगली होती. पण साक्षीदार दोन झाले म्हणजे त्यांपैकीं एक बिघडण्याची शक्यताहि वाढते, आणि या गाड्यांचे अनेक मालक निव्वळ बिघडलेल्या स्विचामुळें घाबरून कारागिराकडे धांवले. आतांच्या गाड्यांत दाब मोजणारें यंत्र थेट गणकयंत्रास आंकडा कळवितें, आणि पंपहि गरजेप्रमाणें कमी-अधिक तेल देतो. तरी तारा झिजतात, जाळ्या बुजतात, तेल पातळ होतें. टॉवरच्या काळीं जो निसर्गनियम होता तोच आजहि आहे.

या दिव्याशीं पिवळ्या दिव्याची गल्लत होऊं नये म्हणून एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. कांहीं गाड्यांत तेलझारीचेंच चित्र पिवळ्या रंगांत उमटतें. तें बहुधा तेलाची पातळी उतरल्याचें सांगतें, आणि त्यास जवळच्या पंपापर्यंत जाण्याइतकी सवड असते. तांबड्या रंगास ती सवड नाहीं. तो क्षणभर जरी दिसला, तरी त्या दिवशींच पट्टी पाहावी. आणि तो स्थिर झाला किंवा इंजिनांतून ठोके ऐकूं येऊं लागले, तर घर पावलाच्या अंतरावर असलें तरी इंजिन बंद करून गाडी ओढून न्यावी. ओढून नेण्याचा खर्च एका दिवसाचा असतो. जळलेल्या बेअरिंगाचा खर्च पुष्कळांस वर्षभर पुरतो.